बोलायचंय, पण जायचं कुणाकडे? : वाचकांची पत्रं आणि ताईंची उत्तरं

गेल्या महिन्यात याच पानावर विचारलं होतं की मनाच्या त्रासासाठी मदत शोधताना नेमकं कुठे अडतं, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळी छापणं शक्यच नाही. बहुतेकांनी आजाराबद्दल कमी आणि पत्त्याबद्दल जास्त विचारलंय, म्हणजे "मला काहीतरी होतंय हे कळतंय, पण जाऊ कुठे, कोण खरं, किती पैसे लागतील, कुणाला कळेल का". म्हणून या वेळी फक्त त्याच प्रश्नांना उत्तरं देतेय. कुणाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न : ताई, माझं वय ३१, लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. दुसरी मुलगी झाली त्याला आता वर्ष उलटून गेलं. तेव्हापासून झोप नाही, उगाच रडू येतं, पोरीला मांडीवर घेतलं तरी काहीच वाटत नाही आणि मग त्याचंच वाईट वाटतं. सासूबाई म्हणतात बाहेरचं झालंय, एकदा देवऋष्याकडे नेऊन आणलं. नवरा वाईट नाही पण म्हणतो तुला काय कमी आहे. पैसे माझ्या हातात नसतात. कधी कधी वाटतं सगळं संपवून टाकावं. कुठं जाऊ?

उत्तर : तुझ्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्याचं आधी बोलते. सगळं संपवावं असं वाटतं ना, मग हे वाचून झालं की आजच १४४१६ हा नंबर लाव. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री दोनला लावला तरी चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोन लागला की आधी भाषा निवडायला सांगतात, मग समुपदेशक बोलायला येतात, आणि त्यांना वाटलं की डॉक्टरांची गरज आहे तर ते पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. हा नंबर नाही लागला तर १८००-८९१-४४१६ लाव, सेवा तीच. घरात सगळे असतील तर गच्चीवर जा, शेतात जाताना लाव, कपडे वाळत घालताना लाव. सुरुवात कशी करू असं वाटलं तर एवढंच म्हण, "बाळंतपणानंतर मला झोप नाही, रडू येतं, आणि जगू नये असं वाटतं." पुढचं ते विचारतील. असे विचार सांगितले म्हणून पोलीस केस होत नाही, ही भीती मनातून काढून टाक.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, घरात फवारणीचं औषध ठेवलेलं असेल तर नवऱ्याला सांगून ते कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला लाव, कारण तो विचार बऱ्याचदा जोरात येतो आणि थोड्या वेळानं ओसरतो, त्या थोड्या वेळात हाताशी काही नसणं फार मोठं असतं. एखाद्या वेळी अगदीच आवरेना झालं तर एकटी राहू नकोस, जावेला नाहीतर शेजारणीला सांगून सोबत बसव आणि १०८ ला फोन करून अँब्युलन्स बोलाव.

आता जायचं कुठे. लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी असते. केस पेपर काढायचा आणि खिडकीवर "मानसोपचार विभाग" एवढंच सांगायचं, काय होतंय ते खिडकीवरच्या माणसाला सांगायची गरज नसते. तेवढं लांब जमत नसेल तर गावातल्या आशाताईंना विचार की आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर कुठल्या दिवशी येतात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली डॉक्टर आणि समुपदेशक ठरलेल्या दिवशी खालच्या दवाखान्यांत जातात आणि कुठला दिवस ते त्यांना माहीत असतं नाहीतर त्या विचारून देतात. घरून निघायला निमित्त हवं असेल तर मुलीच्या लसीचं निमित्त पुरेसं आहे, दीड वर्षाच्या सुमाराला बूस्टर असतोच.

डॉक्टर बहुतेक आधी रक्त तपासायला सांगतील, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तरी असाच थकवा आणि उदासी येते. गोळ्या दिल्या तर मुलगी अंगावर पिते का ते आधी सांग, त्याप्रमाणे गोळी निवडतात. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नकोस आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करू नकोस. पहिल्या नाहीतर दुसऱ्या खेपेला नवऱ्याला बरोबर ने आणि डॉक्टरांनाच सांग की ह्यांना समजावा. बायकोनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्याकडे फरक पडतो, आवडो न आवडो. सासूबाईंना देवाचं करायचं असेल तर त्यांच्याशी वाद घालू नकोस, अंगारा लावू देत, पण गोळी चुकू द्यायची नाही. आणि पोरीला घेऊन काही वाटत नाही म्हणजे तू वाईट आई आहेस असं अजिबात नाही, हे बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं ठरलेलं लक्षण आहे आणि उपचारानं जातं.

प्रश्न : मी ऐरोलीत आयटी कंपनीत आहे. वर्षभर अँग्झायटीचा त्रास आहे, मीटिंगच्या आधी छातीत धडधड, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा. थेरपी घ्यायची ठरवलंय पण नेटवर बघितलं तर कुणी लाइफ कोच, कुणी हीलर, कुणी "सर्टिफाइड थेरपिस्ट", फी एकेकाची दोन हजार. खरं कोण हे ओळखायचं कसं? इन्शुरन्समधून मिळतं का?

उत्तर : हा गोंधळ खरा आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर, हेच औषध लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एमए-एमएससी आणि त्यावर बहुतेक वेळा दोन वर्षांचं एमफिल, आणि त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागायला लाजायचं काही कारण नाही, आरसीआयच्या वेबसाइटवर नाव घालून बघता येतं. खरी अडचण समुपदेशकांची आहे कारण "काउन्सेलर" किंवा "थेरपिस्ट" अशी पाटी लावायला आपल्याकडे आजवर एकच एक सक्तीचं लायसन्स नव्हतं, त्यामुळे अतिशय चांगली, नीट शिकलेली माणसंही या नावानं काम करतात आणि वीकेंडचा ऑनलाइन कोर्स केलेलेही.

म्हणून पहिल्या फोनवरच चार गोष्टी विचारा. शिक्षण काय आणि कुठून, अँग्झायटीसाठी कुठली पद्धत वापरता, तुमच्या कामावर कुणी सीनियर देखरेख करतं का, आणि फी किती व सेशन रद्द केलं तर काय. जो माणूस या प्रश्नांनी चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. "तीन सेशनमध्ये मुळासकट घालवतो" म्हणणारे, दहा सेशनचे पैसे आधीच भरा म्हणणारे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणारे, दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी नावानिशी सांगणारे, यांच्यापासून लांबच राहा. तुम्ही लिहिलंय त्या तक्रारीसाठी सीबीटी नावाची, विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी पद्धत चांगली अभ्यासलेली आहे, साधारण आठवड्यातून एकदा भेटायचं, मधल्या दिवसांत करायला काहीतरी लिखाण किंवा सराव देतात, आणि दोन-तीन महिन्यांत फरक पडतोय की नाही हे दोघांनाही कळायला लागतं. पहिल्या दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही तर तसं सांगून दुसऱ्याकडे जाणं हा थेरपीतला अगदी नेहमीचा प्रकार आहे, अपमान वगैरे नाही. धडधडीसाठी एकदा फॅमिली डॉक्टरांकडून बीपी, थायरॉइड, ईसीजी करून घ्या म्हणजे ती शंका मनात राहत नाही.

पैशांचं म्हणाल तर ऐरोलीहून ठाणे जवळच आहे. तिथे डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था आहे, मराठीत बोलता येतं. तिथे चौकशी करा. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत, गर्दी असते, पण शिकवणारी हॉस्पिटलं असल्यामुळे तपासणी नीट होते आणि खर्च नगण्य. बऱ्याच खासगी थेरपिस्टकडेही ऐपतीप्रमाणे कमी फीच्या काही जागा राखलेल्या असतात, ते स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. कंपनीत ईएपी, म्हणजे कंपनीनं कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेली समुपदेशनाची सोय असेल तर काही सेशन फुकट मिळतात, एचआरला नाव न सांगता थेट त्या नंबरवर फोन करता येतो. इन्शुरन्सचं असं की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलंय, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झालं तरच पैसे देतात, दर आठवड्याच्या थेरपीचे पैसे हवे असतील तर पॉलिसीत ओपीडी कव्हर लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का ते आधी बघा.

प्रश्न : पुण्यात सिंहगड रोडला राहते. मुलगा २६ वर्षांचा, पाच वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. औषधं चालू आहेत पण घरातच बसून असतो. नातेवाइकांकडे जाणं मी बंदच केलंय, कारण प्रत्येक जण विचारतो आता तो काय करतो. डॉक्टर म्हणाले सपोर्ट ग्रुपला जा. चार अनोळखी लोकांसमोर घरचं दुःख उगाळून काय होणार? आणि ओळखीचं कुणी भेटलं तर?

उत्तर : काकू, तुमच्या पत्रात मुलाबद्दल जितकं आहे तितकंच तुमच्या एकटेपणाबद्दल आहे, आणि डॉक्टरांनी ग्रुप सुचवला तो मला वाटतं मुलापेक्षा तुमच्यासाठी.

तुम्ही राहता तिथून धायरी जवळ आहे. तिथे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे सा ही संस्था आहे, कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी स्वतःच्या घरातला हाच अनुभव घेऊन ती पुण्यात १९९७ साली उभी केली. तिथे आजार असलेल्याला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर, आणि दोघांसाठीही गट चालवतात. फोन करून सध्या कुठल्या दिवशी, किती वाजता भरतात ते विचारा, पहिल्या वेळी एकट्याच गेलात तरी चालेल, मुलाला नेलंच पाहिजे असं काही नसतं.

तिथे होतं काय ते सांगते म्हणजे भीती कमी होईल. लोक गोल बसतात, कुणी बोललंच पाहिजे अशी सक्ती नसते, पहिल्या दोन-तीन वेळा नुसतं नाव सांगून ऐकत बसलात तरी कुणी काही म्हणत नाही. खोलीत बोललेलं खोलीतच ठेवायचं हा पहिला नियम. आणि ओळखीचं कुणी भेटलं तर तेही त्याच कारणासाठी आलेलं असेल ना, तेव्हा ज्या माणसापासून लपवत होतो त्याच्याच घरी हे आहे हे कळतं. उगाळायला वेळच कमी मिळतो खरं तर, कारण बोलणं फार कामाचं चालतं. गोळी घ्यायला नाही म्हटला तर काय केलं, रात्रभर जागून दिवसा झोपतो ते कसं बदललं, वजन वाढलं तेव्हा डॉक्टरांना काय विचारलं, दोन तासांचं कसलं काम जमायला लागलं. डॉक्टरांकडे गर्दीत दहा मिनिटं मिळतात, त्यात हे सगळं मावत नाही.

सरकारी कामं सुद्धा अशाच ठिकाणी कळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, त्यामुळे सरकारी हॉस्पिटलमधून तपासणी होऊन ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर सवलती मिळतात, आणि जुन्या करपद्धतीत रिटर्न भरत असाल तर त्याच्या पालकांना आयकरात ७५,००० रुपयांची वजावट मिळते. वर्षानुवर्षं औषधांचा खर्च करणाऱ्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक, जे ग्रुपमध्ये तुम्ही लवकर शिकाल. या आजारात घरातलं वातावरण औषधाच्या बरोबरीनं काम करतं. सतत टोकणं, "तुझ्या वयाची मुलं बघ", किंवा उलट सगळं आपणच करून देणं, अशा घरांत आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त दिसतं, यावर अनेक देशांत अभ्यास झालेत. म्हणजे तुम्ही कमी दमलेल्या असणं, तुमचा आवाज चढलेला नसणं, हे त्याच्या उपचाराचाच भाग आहे. महिन्यातले दोन तास तुम्ही स्वतःसाठी काढलेत तर त्याचं औषध चुकवल्यासारखं वाटून घेऊ नका.

प्रश्न : कोल्हापूर. नवरा रोज पितो, दवाखान्यात यायला तयार नाही. त्यालाच बरं व्हायचं नाही तर मी कुठं जाऊन काय उपयोग?

उत्तर : उपयोग आहे, आणि तो तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. दारुड्या माणसाच्या घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळे गट असतात, १९५१ साली अमेरिकेत सुरू झाले आणि आपल्याकडेही चालतात. ते फुकट आहेत, नाव-आडनाव सांगावं लागत नाही. स्वतः पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए. एएच्या मीटिंगची चौकशी केलीत की अल-अनॉनचा पत्ताही तेच देतात. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये बायकांसाठी "सहचरी" गट आहे आणि इतर काही शहरांतही मुक्तांगणच्या फॉलोअप मीटिंग होतात, तेव्हा कोल्हापूरच्या जवळ कुठली आहे ते फोनवर विचारून घ्या.

अशा गटात बायका एकमेकींना काय सांगतात तर त्याच्या बाटल्या शोधणं बंद कर, ऑफिसात खोटं बोलून त्याची रजा सांभाळणं बंद कर, उधारी फेडणं बंद कर, आणि प्यायलेला असताना वाद घालू नको, सकाळी बोल. यानं तो उद्या सुटेल असं मी म्हणत नाही. पण त्याचं ओझं तो उचलायला लागतो तेव्हा बरेच जण पहिल्यांदा उपचाराचा विचार करतात. एकच अपवाद, तो मारत असेल तर हे सगळं नंतर. आधी १८१ महिला हेल्पलाइन किंवा ११२.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, मुंबईत हॉस्टेलला. काउन्सेलरकडे गेले तर घरी कळवतात का?

उत्तर : नाही. तू १८ पूर्ण आहेस, तुझ्या परवानगीशिवाय घरी सांगायचं नाही हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच आहे. अपवाद एवढाच की तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर काउन्सेलर तेवढ्यापुरतं कुणालातरी सामील करून घेतात, आणि चांगले काउन्सेलर हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. कॉलेजच्या काउन्सेलरला विचार की माझी फाईल कोण वाचतं, उत्तर पटलं तर पुढे बोल. कॉलेजमध्ये नकोच वाटत असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची, म्हणजे टिसची आयकॉल ही सेवा आहे, २०१२ पासून, तिथे फोनवर आणि लिहूनही बोलता येतं, हॉस्टेलच्या रूममध्ये तीन जणी असताना लिहून बोलणं सोपं जातं. सध्याच्या वेळा त्यांच्या साइटवर बघ. सरकारी हॉस्पिटलांत १० ते १९ वयासाठी मैत्री क्लिनिक पण असतात, तुलाही अजून तिथे जाता येईल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो. बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं, आता सहा महिने झाले. दिवसभर खिडकीत बसते, इंग्रजी येत नाही, इथल्या थेरपिस्टशी ती बोलणार कशी? भारतातल्या कुणाशी ऑनलाइन लावून द्यावं का?

उत्तर : आईंना आधी माणसं लागतील, थेरपिस्ट कदाचित नंतर. इतक्या वर्षांचा जोडीदार, घर, शेजार, बोलण्याची भाषा, हे सगळं एकदमच गेलंय त्यांचं. एडिसन-इझलिन भागात आपल्याकडच्या ज्येष्ठांसाठी ॲडल्ट डे केअर आहेत, गरम जेवण, भजन, पत्ते, गाडी न्यायला येते. आणि तिथल्या मराठी मंडळात विचारलंत तर अशाच एकट्या बसलेल्या दोन-चार आज्या निघतील याची मला जवळजवळ खात्री आहे. त्यांचा आठवड्याचा चहा तुमच्या घरी सुरू करा.

जेवण सुटलं असेल, वजन उतरत असेल, "मला पण ने" असं रोज म्हणत असतील तर मात्र थांबू नका. तुमच्याच राज्यात २०१४ साली सुरू झालेली सामहिन ही संस्था दक्षिण आशियाई लोकांच्या मानसिक आरोग्यासाठीच काम करते, त्यांच्याकडून आपली भाषा येणारे थेरपिस्ट आणि डॉक्टर शोधता येतात. सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलला तिथे दुभाषा फुकट द्यावा लागतो, अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा मागून ठेवा, दुभाषा म्हणून तुम्ही बसू नका, आई तुमच्यासमोर सगळं बोलणार नाहीत. तातडीची वेळ आली तर ९८८. भारतातल्या थेरपिस्टचं असं की अमेरिकेत लायसन्स राज्यागणिक असतं, त्यामुळे भारतातल्या व्यक्तीनं तिथल्या माणसावर उपचार करणं कायद्यात अडचणीचं होऊ शकतं, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर ती व्यक्ती इथून काही करू शकत नाही. ओळखीच्या कुणाशी मन मोकळं करायला फोन जरूर लावून द्या, साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक बघून, पण उपचार तिथलाच असू दे.

प्रश्न : मी सांगलीचा निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली. माझ्यासारखे बरेच जण सकाळी बागेत भेटतात, कुणी बोलत नाही. जोडीदार गेलेल्यांचा एक गट सुरू करावा असं मनात आहे. मी काही डॉक्टर नाही, मला हे करता येईल का?

उत्तर : सर, येईल, आणि तुम्ही करावं असं मला मनापासून वाटतं. असे गट चालवायला डिग्री लागत नाही, नियम पाळणारा माणूस लागतो. शेजारच्या गोव्यात संगाथ या संस्थेनं मानसशास्त्र न शिकलेल्या स्थानिक लोकांना तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या पेशंटसोबत सहा ते आठ भेटींचं काम करून घेतलं आणि त्याचा चांगला उपयोग होतो हे २०१७ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. अर्थात त्यांना प्रशिक्षण होतं आणि वर देखरेख होती, तुमचा गट उपचार करणार नाही, सोबत करणार, हा फरक पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगा.

जागा कुणाचं घर नको, वाचनालयाची खोली किंवा शाळेचा वर्ग सुट्टीच्या दिवशी मिळाला तर बघा, कारण घर म्हटलं की यजमानाचा पाहुणचार सुरू होतो आणि यायला संकोचही वाटतो. दिवस आणि वेळ एकदा ठरवली की बदलायची नाही, पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास. तुमच्याबरोबर आणखी एक जण चालवायला घ्या, जमलं तर एक बाई, कारण नवरा गेलेल्या बायकांचे प्रश्न वेगळे असतात, वारसाची कागदपत्रं, बँकेची कामं, हळदीकुंकवाला न बोलावणं, आणि ते त्या तुमच्यापुढे बोलतीलच असं नाही. दहा-बारा माणसांच्या वर गेलं तर दोन गट करा.

सल्ला द्यायचा नाही, हा नियम पाळायला आपल्या लोकांना सर्वात जड जातो. कुणी म्हणालं की मला अजून तिच्या साड्या कपाटातून काढवत नाहीत, तर "काढून टाका, देऊन टाका" असं कुणी म्हणायचं नाही, आपलं काय झालं ते वाटलं तर सांगायचं. धर्म, राजकारण, मुला-सुनांची उणीदुणी यात बैठक वाहत गेली की तुम्ही हळूच परत आणायची, ते तुम्हाला वर्ग सांभाळून जमेल. फोटो काढायचे नाहीत, व्हॉट्सॲप ग्रुप फक्त वेळ कळवायला, सुविचारांना बंदी. वर्गणी नको, चहाचे पैसे डब्यात.

आणि सुरू करण्याआधी एकदा सिव्हिलला जाऊन तिथल्या मानसोपचार विभागातल्या समाजसेवकांना भेटा. त्यांना सांगा की असा गट सुरू करतोय आणि गरज पडली तर मी माणूस तुमच्याकडे पाठवीन, कुणाकडे पाठवू. नाव आणि ओपीडीचे वार लिहून घ्या. गटातलं कुणी जगण्यात अर्थ नाही असं म्हणालं तर घाबरून विषय बदलू नका, बैठक संपल्यावर बाजूला घेऊन सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. असं विचारल्यानं विचार डोक्यात येत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. त्याच्यासमोर १४४१६ लावून द्या, घरच्या एकाला कळवा आणि दुसऱ्या दिवशी सिव्हिलला बरोबर जा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइनही आहे, एकटं राहणाऱ्यांना तिचा नंबर द्या.

पहिली बैठक ठरली की वार, वेळ आणि जागा आम्हाला कळवा. पुढच्या अंकात याच पानावर छापू, आणि सांगली-मिरजेच्या वाचकांपैकी ज्यांना यायचंय त्यांनी तोवर आमच्या पत्त्यावर लिहून ठेवा, पत्रं सरांपर्यंत पोचवायचं काम आमचं.